सवलत मिळाली, शिकवणं राहिलं

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस जवळ आले, की मुंबईत शीव, नायर आणि केईएम या रुग्णालयांत वेगळ्याच कामासाठी आलेले पालक दिसू लागतात. पिशवीत मुलाची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, दोन-तीन वह्या आणि शाळेचं पत्र असतं. मूल आजारी नसतं. तोंडी विचारलं तर इतिहासाचा धडा उदाहरणांसकट सांगतं, पण तेच कागदावर मांडायची वेळ आली की हात थांबतो. या पालकांना हवं असतं ते 'एलडीचं सर्टिफिकेट'. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, सरकारी मराठीत अध्ययन अक्षमता. तिच्यातला सर्वांत मोठा वाटा डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन आणि शब्दलेखनातल्या अडचणीचा. हा कागद हाती आला की पेपराला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जात नाहीत. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि जोडीला कार्यानुभवाचा एक विषय घेता येतो.

या सवलती द्यायला महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये सुरुवात केली. देशात तेव्हा या विषयाची फारशी वाच्यताही नव्हती. त्याच वर्षी काही पालक आणि तज्ज्ञांनी मिळून मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या आणि रुग्णालयांतल्या बालरोगतज्ज्ञांच्या चिकाटीमुळे हजारो मुलं दहावीच्या उंबऱ्यावर अडकून न पडता पुढे गेली. त्या कामाबद्दल मनात आदरच आहे. पण सोळाव्या वर्षी ज्या मुलाला आपण जादा वेळ देतो, त्याला सहाव्या-सातव्या वर्षी वाचायला कोणी आणि कसं शिकवलं, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. सवलतीची व्यवस्था उभी राहिली, शिकवण्याची राहून गेली. पुढे हीच मुलं नोकरीला लागतात, तेव्हा तर सवलतही संपलेली असते.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली होती. मुलगा चलाख होता, खेळात कुणाला हार जाणारा नव्हता, पण त्याला वाचता येत नव्हतं. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याचे शिक्षक म्हणत. आपल्याकडे सवलती सुरू झाल्या त्या या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आणि आज कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, असं एखादं मूल मागच्या बाकावर सापडेलच.

डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही, हे आता इतक्या वेळा सांगून झालं आहे की ऐकणारे मान डोलावतात आणि वागायचं तसंच वागतात. म्हणून आत काय घडतं ते पाहणं बरं. बोलायला मूल आपोआप शिकतं. वाचायला कुणीही आपोआप शिकत नाही. ऐकलेल्या शब्दातले ध्वनी सुटे करायचे, प्रत्येक ध्वनीशी त्याचं चिन्ह जोडायचं आणि नजर पडताच शब्द उमटावा इतकी ती जोडणी पक्की करायची. हे काम मेंदूच्या डाव्या बाजूचे काही भाग मिळून करतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत ते सावकाश आणि फार कष्टाने होतं. बहुतेकांची मूळ अडचण ध्वनी सुटे करण्यातली असते, डोळ्यांतली नसते. रंगीत काचांच्या चष्म्यांवर पैसे घालण्याआधी पालकांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण त्यांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. अक्षरं उलटी काढणं हीसुद्धा हमखास खूण नव्हे. पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं तसं काढतात आणि पुढे आपोआप सुधारतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेनुसार वेगवेगळ्या भाषांतल्या शाळकरी मुलांपैकी ५ ते १५ टक्क्यांना वाचन, लेखन किंवा गणितातली अशी अडचण असते. कमीत कमी आकडा धरला तरी चाळीसच्या वर्गात दोन मुलं.

आता मराठीबद्दल. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार होतात, त्यामुळे तिथे ही अडचण लवकर उघडी पडते. मराठीत लिहिलं तसं वाचायचं असतं, म्हणून मराठीत डिस्लेक्सिया नसतोच, असं सांगणारे शिक्षक मला भेटले आहेत. हा समज मुलांचं फार नुकसान करतो. २००१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांच्या मेंदूचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. इटालियन ही बरीचशी आपल्यासारखी, लिहिलं तसं वाचायची भाषा. डिस्लेक्सिया असलेल्या इटालियनांच्या वाचनात चुका कमी निघाल्या, पण वाचताना मेंदूचा जो भाग पुरेसा जागा होत नव्हता, तो तिन्ही भाषांत एकच होता. मराठीतही डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणात जास्त दिसतो. चौथीतली मुलगी एकेक अक्षर लावत वाक्य बरोबर वाचते, पण शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत पहिला शब्द विसरलेली असते. मग 'वाचलंस त्याचा अर्थ सांग' म्हटल्यावर ती गप्प राहते. बाई म्हणतात, हिचं लक्षच नाही.

शिवाय आपल्या लिपीची स्वतःची वळणं आहेत. 'कि' म्हणताना तोंडातून आधी क निघतो आणि मग इ, पण लिहिताना वेलांटी आधी येते. 'सूर्य' मधला र उच्चारायचा य च्या आधी, पण तो बसतो य च्या डोक्यावर. रवी, सूर्य, प्रकाश, राष्ट्र, वाऱ्यावर या पाच शब्दांत एकच र पाच रूपं घेतो. घ आणि ध, भ आणि म, ट, ठ आणि ढ यांच्यात फरक एखाद्या गाठीचा नाहीतर रेषेचा. ऱ्हस्व-दीर्घाचं तर बोलायलाच नको. आपल्या बोलण्यात इकार-उकाराची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवर ठरते, म्हणून कानाला विचारून वेलांटी पहिली की दुसरी ते कळत नाही, ते पाठच करावं लागतं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून दाखवलं आहे, की आपल्या लिप्यांतला अक्षरसंच शेकडोंच्या घरात जातो आणि तो हाताखाली यायला साध्या मुलांनाही चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. आपली पाठ्यपुस्तकं मात्र पहिलीतच बाराखडी आटोपून पुढे सरकतात. ज्याला जास्त वेळ हवा, त्याच्यासाठी कुणी मागे थांबत नाही.

ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत, जिन्याखालच्या खोलीत, विशेष शिक्षिकेचा एक तास मी पाहिला. समोर तिसरीतला मुलगा, मधे चिंचोक्यांची वाटी आणि पसरट ताटात रवा. शब्द होता 'किनारा'. बाईंनी शब्द म्हटला आणि त्यातला 'कि' वेगळा करून विचारलं, यात आवाज किती? त्याने एक चिंचोका ठेवला. 'लांबव बरं,' बाई म्हणाल्या. त्याने लांबवला आणि स्वतःच थबकला. क् आणि इ. दुसरा चिंचोका ठेवला. मग रव्यात बोटाने आधी क काढला, मोठ्याने 'क्' म्हणत, आणि त्यानंतर त्याच्या डाव्या अंगाला वेलांटी ओढली, 'इ' म्हणत. बाई त्याला वेलांटी आधी काढू देत नव्हत्या. वर्गातले इतर ज्या क्रमाने लिहितात तो क्रम नंतर येईल, आधी तोंडाचा आणि बोटाचा क्रम एक व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. अख्ख्या तासात सहा शब्द झाले. पुढच्या तासाला तेच सहा, नव्या दोन शब्दांत मिसळून. असे आठवड्याला तीन तास, दोन वर्षं तरी.

या पद्धतीत गूढ असं काही नाही. सॅम्युएल ऑर्टन हे मज्जातज्ज्ञ आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका, यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत तिची घडी बसवली: ध्वनीपासून सुरुवात, पायरीपायरीने चढत जाणं, आणि ऐकणं, बघणं, बोलणं, हाताने गिरवणं हे सगळं एकाच वेळी. आज जगभरच्या संशोधनाचा कौल सुस्पष्ट, क्रमवार ध्वनी-अक्षर शिकवण्याच्या बाजूनेच आहे, आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. तरीही ठाण्याची ती खोली मी इथे सांगतो आहे, याचं कारण अशा खोल्या फार थोड्या आहेत. एक गोष्ट मला तिथेही खटकली. त्या मुलाला खेळाच्या तासाला उठवून आणलं होतं, कारण गणित आणि भाषेचे तास बुडवायला वर्गशिक्षिका तयार नव्हत्या. ज्या मुलाला दिवसभरात एकच तास आपण कुणापेक्षा कमी नाही असं वाटतं, त्याचा तोच तास घ्यायचा का? मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर हे वेळापत्रक एका दिवसात बदलेल.

गावातल्या शाळेत हे मूल ओळखणंच अवघड होऊन बसतं. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २७.१ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. जिथे वर्गातली बहुतेक मुलं न शिकवल्यामुळे वाचत नाहीत, तिथे शिकवूनही न वाचू शकणारं मूल कसं दिसणार? याला उत्तर एकच आहे: आधी सगळ्यांना नीट शिकवा, मग कोण मागे राहतं ते पाहा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'ने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते मनापासून राबवलं तर डिस्लेक्सियाची मुलं आपोआप समोर येतील. ओळखायची साधनंही तयार आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डाली' नावाचा चाचणीसंच केला, तो २०१५ मध्ये हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आला. त्यात पहिली-दुसरीच्या आणि तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांनी वर्गातच भरायच्या प्राथमिक तपासणीच्या याद्या आहेत. त्यासाठी रुग्णालय लागत नाही.

कायदाही कमी पडत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस दिव्यांगत्वांमध्ये जागा दिली. ही अक्षमता मुलांमध्ये लवकरात लवकर हुडकणं आणि त्यावर शिकवण्याचे उपाय करणं, हे कर्तव्य कलम १६ मध्ये शब्दांत मांडलेलं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे. पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा निर्णय महाराष्ट्रात एप्रिल २०२५ मध्ये झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. मधल्या काळात अस्मितेवर पानंच्या पानं लिहिली गेली. पण पहिल्याच वर्गात एका लिपीशी झगडणाऱ्या मुलाच्या पाठीवर तिसरी भाषा म्हणजे काय, यावर फार थोड्यांनी लिहिलं. हा प्रश्न पुन्हा चर्चेला येईल तेव्हा ही मुलं आधी आठवली पाहिजेत.

प्रमाणपत्राची रीत मात्र अजून मुलांना दमवणारी आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते आठव्या वर्षापासून मिळत असे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागे आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं असे. आधी बुद्ध्यांक पाहतात, आपल्याकडे बहुतेक वेळा नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेल्या चाचणीने, आणि मग बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या चाचण्यांनी वाचन-लेखन-गणित तपासतात. या चाचण्या साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केलेल्या. अठरा वर्षांच्या किंवा तिशीतल्या माणसालाही त्याच लावायच्या, याला काय अर्थ आहे? डिस्लेक्सिया वयाबरोबर जात नाही. पण धडपडून, अंदाज बांधून, पाठ करून मोठं झालेलं माणूस लहान मुलाचा उतारा वाचून दाखवतं आणि तपासणीत 'ठीक' ठरतं.

न्यायालयांनी इथे मोठं मन दाखवलं आहे. लेखनिकाचा हक्क चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापुरता मर्यादित नाही, ज्याला लिहायला अडचण आहे त्या प्रत्येकाची सोय लावून देणं हे यंत्रणेचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी 'नीट' परीक्षेला बसलेल्या, डिसग्राफिया म्हणजे लेखनाची अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर हक्काचा जादा तास नाकारला गेला आणि पेपर ओढून घेतला गेला. हे चूक होतं असं न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये स्पष्टपणे म्हटलं. पण फेरपरीक्षा काही झाली नाही. नियम दिल्लीत नीट लिहिलेला होता, परीक्षेच्या खोलीत उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाला तो ठाऊक नव्हता. आपल्याकडे बहुतेक हक्क याच ठिकाणी अडतात.

आणि मग नोकरी. या विषयावरचं आपलं सगळं बोलणं दहावी-बारावीला संपतं, म्हणून इथे जरा थांबतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करणारा चाळिशीतला एक कारागीर मला भेटला. आयटीआय केलेला, सीएनसी यंत्राचं सेटिंग असं करतो की बिघाड झाला की दुसऱ्या शिफ्टमधूनही त्याला फोन येतो. ड्रॉइंग त्याला एका नजरेत कळतं. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये चार ओळी लिहिणं मात्र त्याला आठ तासांच्या कामापेक्षा जड जातं. सुपरवायझरची बढती त्याला देऊ केली होती. त्याने नाकारली आणि कारण घरच्या अडचणींचं सांगितलं. खरं कारण होतं रोजचे ईमेल आणि अहवाल. त्याच्या मुलाचं दुसरीत असताना निदान झालं, तेव्हा समुपदेशकांनी घरात आणखी कुणाला असं होतं का म्हणून विचारलं आणि त्याला स्वतःबद्दल पहिल्यांदा कळलं. डिस्लेक्सिया घराण्यात चालत येतो, त्यामुळे असे कितीतरी बाप मुलाच्या निमित्ताने स्वतःचं निदान ऐकतात. शाळेत याच गोष्टीसाठी आपण वडिलांचा मार खाल्ला आहे, हे त्याने सांगितलं तेव्हा त्याचा मुलगा शेजारीच बसला होता.

त्याच्या फोरमनने मात्र कुठलंही प्रशिक्षण न घेता वाट काढली आहे. शिफ्टची माहिती हा कारागीर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतो, दुसरा कामगार ती रजिस्टरमध्ये उतरवतो, हा खाली सही करतो. कारखान्याला याचा एक रुपया खर्च नाही. कामाच्या जागी हवं असतं ते बहुतेक एवढंच. सूचना तोंडीही द्यायच्या, मीटिंगचे कागद आदल्या दिवशी द्यायचे, गर्दीचा मजकूर मोठ्या अक्षरांत आणि मोकळ्या ओळींत छापायचा, टंकलेखनाच्या चुकांवरून माणसाची लायकी ठरवायची नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगायचं. मराठीत बोलून टाइप करायची सोय गुगलने २०१७ मध्ये दिली. फोन मजकूर वाचूनही दाखवतो. ही साधनं वापरणं म्हणजे फसवणूक, असं कार्यालयांत अजून मानलं जातं. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण कधी तसं म्हणतो का?

सरकारी नोकरीत दिव्यांगांच्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून आहे. खासगी आस्थापनांत राखीव जागा नाहीत, पण वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर समान संधीचं धोरण करून ते जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक कंपन्यांच्या धोरणात रॅम्प आणि लिफ्टचा उल्लेख असतो. वाचनाच्या अडचणीचा उल्लेख शोधावा लागतो. उलट टोकाला, लिंक्डइनने २०२२ मध्ये 'डिस्लेक्सिक थिंकिंग' हे कौशल्य म्हणून प्रोफाइलमध्ये नोंदवायची सोय केली. मोठे उद्योजक आणि कलावंत आपला डिस्लेक्सिया मोकळेपणाने सांगू लागले, हे चांगलंच झालं. २००७ च्या 'तारे जमीन पर'ने आपल्याकडे घराघरांत हा शब्द पोचवला, त्याचं ऋण मोठं आहे. पण डिस्लेक्सिया ही देणगी आहे असं सांगत सुटणं मला पटत नाही. चित्रकला न येणारं, कल्पक नसलेलं, अगदी साधं मूलही डिस्लेक्सिक असतं. त्याने अलौकिक काही करून दाखवावं आणि मगच आपण त्याला माफ करावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याला वाचायला शिकवा, एवढाच त्याचा हक्क आहे.

पुस्तकांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांपर्यंत फारशी पोचलेली नाही. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं ध्वनी किंवा डिजिटल रूपात आणण्याची मुभा देणारा मराकेश करार भारताने २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर केला. त्यात अंध व्यक्तींबरोबर वाचनाची अक्षमता असलेलेही येतात. २०१६ मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय अशा वाचकांसाठीच आहे. मराठी पुस्तकं ऐकवणारी व्यावसायिक ॲपही आता आहेत. कानाने वाचलेलं पुस्तकही वाचलेलंच असतं. घरात कुणी मोठ्याने वाचून दाखवणारं असेल तर उत्तमच, पण सहावीतल्या मुलाला रोज आईवर अवलंबून राहावंसं वाटत नाही.

विशेष शिक्षक पुरेसे नाहीत, ही सबब खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक शाळांत दहा आणि माध्यमिक शाळांत पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं, त्याच्या आपण जवळपासही नाही. पण पहिली-दुसरीच्या बाई शाळेत आहेतच. ध्वनी सुटे करायचे कसे, वेलांटी कधी आणायची, जोडाक्षरं कोणत्या क्रमाने घ्यायची, हे डी.एल.एड.च्या वर्गातच नीट शिकवलं तर निम्मं काम तिथेच होईल, असं मला या विषयातल्या लोकांशी बोलून वाटू लागलं आहे. शासनाने सवलतींचं आणखी एक परिपत्रक काढण्यापेक्षा त्या अभ्यासक्रमात हा भाग घालावा.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की पालकांनी शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. पहिली ते तिसरीच्या मुलांची वाचनाची प्राथमिक तपासणी शाळा करते का? मागे राहिलेल्यांना आठवड्यात किती तास वेगळं शिकवलं जातं? आणि ते तास खेळाचे कापून तर घेतलेले नाहीत ना? स्वतःच्या मुलाला गरज नसली तरी विचारावेत. चाळीसच्या वर्गातल्या त्या दोन मुलांच्या आईवडिलांना बहुधा काय विचारायचं हेच माहीत नसतं.